त्या माळावर करणी न्हाय

त्या दिवशी माळावर कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुणी काय बी जोडाया नको. म्या व्हते. माझा लेक व्हता. सून व्हती, ती गावच्या अंगणवाडीवर हाय. माझ्या धाकट्या दिराचा पोरगा, म्हंजे माझा पुतण्या, त्याचं तालुक्याच्या गावी, वाशीला, मोबाईलचं दुकान हाय, त्यो व्हता. सरपंचबाई आन् तिचे मालक व्हते. जेसीबीवाला व्हता, त्यो मशीनवरनं खाली उतरलाच न्हाय. आन् मागनं ईट गावची माझी जोडीदारीण आली, तिच्या सुनंला घिऊन, रिक्षात बसून. एवढीच माणसं. आता सांगत्यात की सारं गाव गोळा झालं व्हतं. ते खरं न्हाय. गाव खाली रस्त्यावरच थांबलं व्हतं.

जेसीबी आलं व्हतं सात दगड उचलाया. बारके दगड हायत, एका माणसाला उचलतील असले. त्याला जेसीबी कशाला? तर हात लावाया कुणी तयार नव्हतं. वेबसाईटवर आलं व्हतं की तिथं करणी करत्यात. त्या सातातल्या एका दगडाखाली माझी लेक हाय. हे ज्यास्नी ठावं व्हतं ती जुनी माणसं गेली, तवर गावात आता कुणालाच ठावं नव्हतं. माझ्या लेकाला बी नव्हतं.

आता वेबसाईटचं सांगते. सून दुपारची अंगणवाडीवरनं आली की जेवती, आन् मंग मोबाईल घिऊन माझ्यापाशी बसती. आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी ती वेबसाईट केल्याली हाय. ज्याला जी जागा ठावं हाय त्यो तिचा फोटू टाकतो, नकाशावर खूण करतो, आन् खाली त्या जागंची गोष्ट लिहितो. म्या दुसरीपतूर शाळंत गेले. अक्षराला अक्षर जोडून वाचता येतंय, पर मोबाईलवरचं बारीक दिसत न्हाय. म्हणून ती वाचती आन् म्या ऐकते. कुणी धाराशिवच्या स्टँडापाशी आधी कुठं चहाची टपरी व्हती ते लिहिलंय. कुणी आपल्या शाळंची घंटा लिहिली, ती घंटा म्हंजे रुळाचा तुकडा व्हता आन् त्यो कुणी तरी चोरून नेला, मंग आठ दिस शाळा सुटायचीच न्हाय येळंवर. आमी दोघी लई हसलो व्हतो.

एकदा म्या म्हणलं, आपली बारव कुणी टाकली न्हाय व्हय? सून म्हणली, आत्या, तुमीच सांगा, म्या लिहिते. म्या सांगितलं. बारवंच्या तिसऱ्या पायरीवर घागर ठिऊन ठिऊन गोल खळगं पडल्यात, त्यात पाणी साचायचं आन् चिमण्या प्यायच्या. तिनं लिहिलं. आठ दिसांनी पुण्यावरनं कुणी तरी खाली लिहिलं की माझी आजी ह्याच खळग्याचं सांगायची. इतकी वर्सं जे नुसतं माझ्याच डोक्यात हाय असं वाटायचं, ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात बी व्हतं. मला बरं वाटलं. तवापासनं म्या दुपारची निजायची सोडली.

मंग एक दिस तिनं वाचलं, करणीचा माळ, सांजच्याला तिकडं जाऊ नये. वाचता वाचता ती थांबली. म्हणली, आत्या, ह्यो तर आपल्या तलावावरचा माळ हाय. आन् टाकलंय कुणी तर आपल्याच भाऊजीनं. तिचा भाऊजी म्हंजे माझा पुतण्या.

खाली लोकांनी कायबाय लिहिलं व्हतं. एकाची शेळी तिथं चरली आन् घरी यीऊन मेली. एकाला लेकराचं रडणं ऐकू आलं. एकाची फटफटी त्या वळणावर घसरली, आता ते वळण तर सरकारनंच वाकडं केल्यालं हाय. एकजण इचारत व्हता की तिथं मांत्रिक कंच्या वारी बसतो.

सुनेनं फोटू मोठा करून दावला. सात दगड, चुना लावल्याले. म्होरं स्टीलची वाटी, तिच्यात काय तरी काळं पडल्यालं. बाजूला हिरव्या बांगड्या. चुना म्याच लावला व्हता. वाटी माझी व्हती. बांगड्या बी म्याच ठिवल्या व्हत्या.

म्या मोबाईल तिच्याकडं सारला. म्हणलं, फुडलं वाच.

हितं जरा थांबून सांगते, न्हायतर लांबच्या माणसाला कळायचं न्हाय. आमच्याकडं येळ अमावस्या असती. रानात पाच दगड मांडायचे, त्याला चुना लावायचा, ते पांडव. वर कडब्याची खोप करायची. घरनं आंबील, भज्जी, उंडे डोक्यावर न्यायचे, निवद दावायचा, पिकात शिंपडायचं, मंग बसून जेवायचं. पर हे सारं पेरल्याल्या रानात. पडीक माळावर कुणी येळ अमावस्या करत न्हाय, तिथं हायच काय? म्हणून पुतण्याचं म्या लई चुकलं म्हणत न्हाय. अमावस्या झाल्यावर कुणाला पडीक माळावर चुन्याचे दगड, शिळा निवद आन् बांगड्या दिसल्या, तर आमच्या मुलखातला माणूस करणीच म्हणणार. म्या बी म्हणले असते.

आन् चूक माझी बी हाय. दर वर्सी म्या पळसाच्या पानावर निवद न्यायचे. पान वाऱ्यानं जायचं, निवद पाखरं खायची, मागं काय ऱ्हायचं न्हाय. चुना बी दोन पावसात जायचा. आवंदा गुडघा लई दुखत व्हता, पळसापतूर गेले न्हाय, घरातली वाटी घेतली, आन् आवंदा पयल्यांदाच लेकीला हिरव्या बांगड्या. घरच्यास्नी सांगितलं, शेजारच्या रानात वानोळा दिऊन येते. आन् येताना वाटी तिथंच इसरले.

म्या तिथं का जाते, ते आता सांगते.

बाहात्तरच्या दुष्काळात त्या माळाखाली तलावाचं काम निघालं व्हतं. आज त्यात पाणी दिसतंय, त्यो बांध आमी घातला. आमी म्हंजे आमच्या आन् लांब लांबच्या गावच्या बाया-माणसं. माझं लगीन होऊन दोन वर्सं झाली व्हती. पदरात पाच महिन्याची लेक. सासरे मातीवर, मालक मातीवर, म्या आन् सासू खडीवर. खडी फोडायची म्हंजे हातोडीनं दगड बारीक करायचा आन् ढीग लावायचा, मुकादम मापून घ्यायचा. माझ्या बाजूला ईटची एक बाई बसायची. माझ्याच वयाची. तिला दोन वर्साचा लेक. ती बोटाला फडकं गुंडाळाया शिकली ती माझ्याकडनं, आन् डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर कसा बांधायचा ते म्या तिच्याकडनं शिकले.

लेकीला बाभळीला झोळी बांधून ठिवायचे. रडली की मुकादम बगायचा, मंग म्या उठायचे. आमाला खायाला लाल मिलो मिळायचा, ती परदेशातनं आल्याली ज्वारी. माझं दूध आटलं. मिलोचीच पातळ पेज करून पाजली. तिला ती सोसली न्हाय, हगवण लागली. तीन दिस लागली. दवाखाना वाशीला, तिथवर कोण नेणार आन् कशात? चौथ्या दिशी दुपारच्या सुट्टीत म्या झोळीपाशी गेले तर ती गार व्हती.

बारक्या लेकराला मातीच देत्यात, जाळत न्हाईत. तशी तर आमच्यात थोरामोठ्याला बी मातीच देत्यात, पर ती आपल्या रानात. आमचं तवाचं रान लांब, आताचं हे मागनं घेतल्यालं. सासूनं तिच्या कपाळाला विभूती लावली, आन् मालकानं माळावर खड्डा घेतला. खाली खडक लागला, खड्डा लई खोल गेला न्हाय. म्हणून कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठिवला. त्यो दगड ईटच्या बाईनं आन् म्या दोघींनी उचलून आणला.

दुसऱ्या दिशी म्या खडीवर गेले. आता कुणी इचारतंय, कशी गेलीस? हजेरीवर नाव व्हतं. घरी दोन नणंदा, एक दीर, बारके. दुसरं काय करायचं व्हतं? गेले. हातोडी धरली.

पंधरा दिसांनी गोवर आला. ईटच्या बाईचा लेक गेला. त्याचा दगड बी दोघींनीच आणला. मंग आणिक पाच लेकरं गेली, ती बी तिथंच पुरली. त्यांच्या आया आमच्या टोळीतल्या नव्हत्या, बांधाच्या पलीकडच्या अंगाला बसायच्या. एक कुणी भूमच्या बाजूची व्हती, एक परांड्याकडची. बाकीच्या कुठल्या, मला ठावं न्हाय. काम सरलं तशी ज्यो त्यो आपल्या गावाला गेला. त्यांची तोंडं आठवत्यात. नावं गेली.

सासूनं मला एकच सांगितलं, जित्या लेकरापुढं गेल्याल्या लेकराचं काढू नये. म्या काढलं न्हाय. फुडं लेक झाला, त्याची लेकरं झाली, सासू गेली, मालक गेले. येळ अमावस्याला तेवढं, आपल्या रानातला निवद झाला की म्या थोडा हिस्सा काढून माळावर जायचे. सातीला बी ठिवायचे. ईटची बाई सुरवातीला यायची, मंग तिचं चालणं सरलं. मंग तिच्या लेकाला बी म्याच.

वेबसाईटवरचं ऐकल्यावर बी म्या गप बसले. म्हणलं, लोक चार दिस बोलतील आन् इसरतील. पर तिकडं शेळ्या जायच्या बंद झाल्या. शाळंतली पोरं त्या वाटेनं यीना झाली. मंग सरपंचबाईच्या मालकानं ठरविलं की दगड काढून माळ सपाट करायचा, म्हंजे लोकांचं भ्या जाईल. ठरावावर सरपंचबाईची सही झाली. दगड कुठं टाकायचे? तर खाली ओढ्यात.

त्याच दिशी ईटवरनं त्या बाईचा फोन आला. तिच्या सुनंनं करणीचं बी आन् दगड ओढ्यात टाकायचं बी वेबसाईटवर वाचलं व्हतं, आन् त्या माळाचं नाव काढायचं न्हाय म्हणून तिला बजावलं व्हतं.

ती म्हणली, "तू बोलणार हायस का, का म्या यीऊ?"

म्या म्हणलं, "तुला दोन पायऱ्या उतरत न्हाईत, तू कुठं येतीस?"

"बसून यीन. माझा पोरगा ओढ्यात टाकाया म्या अजून मेले न्हाय."

शिमग्याच्या आधीची गोष्ट ही. सकाळी जेसीबीचा आवाज आला तशी म्या काठी घेतली आन् निघाले. सुनंला वाटलं परसाकडं निघाले. मंग तिनं बघितलं की म्या माळाच्या वाटंला लागले, तवा ती लेकाला हाक मारत मागं आली.

वर गेले तर जेसीबीवाला आडून बसला व्हता. म्हणत व्हता, आधी नारळ फोडा, लिंबू उतरा, तवर म्या हात लावत न्हाय. त्याला घरी बायकापोरं हायत. सरपंचबाईचे मालक त्याला म्हणले, "आरं, मशीन हाय का म्हस हाय तुझी, बुजाया?" त्यो म्हणला, मंग तुमीच उचला की हातानं. ते दोन पावलं मागं सरले.

म्या गेले आन् तिसऱ्या दगडापाशी बसले.

पुतण्या लांबनंच म्हणला, "मोठी आई, उठा तिथनं. ती जागा चांगली न्हाय."

"कुणी सांगितलं?"

"म्याच टाकलंय की वेबसाईटवर. लई लोकांनी बघितलं."

म्या म्हणलं, ती वाटी आण हिकडं. त्यो हालला न्हाय. वाटी दोन महिने तिथंच पडून व्हती. पाखरांनी निवद खाल्ला, राहिल्यालं उन्हानं करपलं, पर माणसाचा हात तिला लागला नव्हता. करणीच्या सामानाला हात लावत न्हाईत, म्हणून कुणी ती उपडी करून बी बघितली न्हाय. बघितली असती तर तिथंच मिटलं असतं. मंग म्याच काठीनं वाटी जवळ ओढली, पदरानं पुसली, उपडी केली आन् त्याला म्हणलं, वाच.

वाटीवर नाव घातल्यालं व्हतं. त्याच्या बापाचं. माझ्या लेकाच्या लग्नात धाकट्या दिरानं आहेरात वाट्या दिल्या व्हत्या, त्यातली ती. पुतण्यानं जवळ यीऊन वाचलं. सरपंचबाईचे मालक वाकून बघाया आले. म्हणले, "आता ह्येच्या बापानं करणी केली म्हणायची का?" आन् हसले. दुसरं कुणी हसलं न्हाय.

म्या म्हणलं, चुना माझा, बांगड्या माझ्या, निवद माझा. करणी कसली? ही लेकरं हायत. आन् जे वर लिहिलंय ते सांगितलं. वर लई लिहिलंय, तिथं थोडक्यातच सांगितलं. खाली मान घालून सांगितलं, कारण लेक म्होरं उभा व्हता.

लेकानं एक एक करून साती दगड बघितले. मंग म्हणला, "आई, मला भन व्हती?"

"व्हती."

"ह्यातला कंचा?"

म्या हात ठिवला त्यो दगड त्यानं बघितला. त्यानं चपला काढून बाजूला ठिवल्या आन् माझ्यापाशी खाली बसला. मातीवर हात ठिवला. म्हणला, सांगायचं व्हतंस. म्या म्हणलं, तुझ्या आजीला शबुद दिला व्हता, आन् मंग ऱ्हाऊनच गेलं. त्यो मातीवरचा हात तसाच ठिऊन बसला. रागावला का काय ते मला कळलं न्हाय. आज बी नीट कळत न्हाय.

तेवढ्यात रिक्षा आली. माळावर चढंना, खालीच थांबली. ईटची बाई सुनंच्या खांद्याला धरून वर आली. आमची गाठ सा-सात वर्सांनी पडत व्हती. तिची कंबर पार वाकल्याली. माझ्याकडं बघून म्हणली, "माझ्याबिगर सांगून मोकळी बी झालीस व्हय?"

म्या म्हणलं, तुझं राखून ठिवलंय.

ती कडंच्या दगडापाशी गेली. तिला बसता यीना, म्हणून काठीचं टोक दगडाला लावून म्हणली, "ह्यो माझा. दोन वर्साचा व्हता. गोवर व्हता त्याला, करणी नव्हती." तिची सून मागं उभी व्हती, तिनं डोक्यावर पदर घेतला.

सरपंचबाईचे मालक म्हणाया लागले की, ते सारं खरं, पर ठराव झालाय, मशीन बोलावलीय, रिकामी कशी धाडायची? सरपंचबाई तवर एक शबुद बोलली नव्हती. गावात बी ती बोलत न्हाय, तेच बोलत्यात. त्या दिशी ती म्हणली, "सही माझी हाय. म्या फिरविते." आन् जेसीबीवाल्याला हातानं जा म्हणून सांगितलं. त्यो इतक्या चटकन गेला की बकेट वर घ्यायची बी इसरला, खाली माळावर तिची लांब रेघ ऱ्हायली.

सांजच्याला पुतण्या घरी आला. आल्या आल्या पाया पडला. म्हणला, मोठी आई, म्या ते काढून टाकतो, कुणाला दिसायचं बी न्हाय. त्याला वाटलं म्या खुश व्हईन. सून बी म्हणली, काढू दे आत्या, लोक काय बी लिहित्यात.

म्या न्हाय म्हणलं. ते काढलं तर माळ पुन्ना मुका व्हतो. करणीचं नाव काढा, शेळीचं आन् रडण्याचं काढा. जागा ऱ्हाऊ द्या. सात दगडातल्या दोघांचंच ठावं हाय. पाच लेकरं कुणाची ते कुणाला ठावं न्हाय. त्यांच्या आयांनी बी माझ्यासारखंच गप बसून जिंदगी काढली असंल. म्या आन् ईटची बाई किती दिस निवद ठिवणार? लेक म्हणलाय, आता म्या नेत जाईन. नेईल बी. पर त्याला बी कळाया पाहिजे कुणाच्या लेकराला नेतोय.

म्हणून पुतण्यानं नाव बदललं. तिथं आता लिहिलंय, तलावाच्या कामावरच्या लेकरांची जागा. आन् त्याच्या खाली हे म्या सांगितल्यालं सुनेनं जसंच्या तसं लिहून टाकलंय. लिहिताना ती दोनदा उठून पाणी प्याया गेली. माझ्या लेकीचं बारसं झालं व्हतं, तिला नाव व्हतं. सुनेनं इचारलं, नाव लिहू का? म्या म्हणलं, ते नको. तेवढं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.

आता जे कुणी हे वाचतंय त्याला माझं सांगणं एवढंच हाय. तुमच्या घरात कुणी म्हातारी आसंल, आन् ती दुष्काळात वाशीच्या ह्या बाजूला तलावाच्या कामावर खडी फोडाया आल्याली आसंल, तर तिच्यापाशी बसून इचारा. लोकांत इचारू नका, ती एकटी आसंल तवा इचारा. ती न्हाय म्हणली तर पुन्ना इचारू नका. व्हय म्हणली, तर कंचा दगड तिचा ते हितं खाली लिहा. येता आलं तर तिला घिऊन या. न्हाय आलं तर नुसतं लिहा, निवद आमी ठिऊ. आन् जागा बघाया कुणी आलं तर दगड हलवू नका.